छावणीतली मुलगी : फाळणीनंतरच्या एका ताब्याच्या खटल्याचा प्रकरण अभ्यास

महाराष्ट्रात फाळणी म्हटलं की कल्याणची निर्वासित छावणी आणि तिच्यातून उभं राहिलेलं उल्हासनगर आठवतं. सिंधी कुटुंबं आपल्या शेजारी येऊन राहिली, त्यामुळे घर, दुकान, जमीन मागे टाकून येणं म्हणजे काय हे आपल्याकडे निदान ऐकून तरी माहीत आहे. पंजाबच्या वाट्याला याहून वेगळं आणि बोलायला कठीण असं एक काम आलं. दंग्यांत घरच्यांपासून तुटलेल्या, पळवलेल्या, दुसऱ्या कुणाच्या घरात राहत असलेल्या बायका आणि मुलं शोधून काढायची आणि त्यांना ‘त्यांच्या’ देशात पोचवायचं. हे काम वर्षानुवर्षं चाललं. त्यासाठी खास कायदा झाला आणि तो कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

ज्या मुलीच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावरून तो तिथवर पोचला, तिचं हे प्रकरण आहे. घटनाक्रम न्यायालयीन नोंदींमधला आहे. मुलीचं नाव, ती ज्याच्या घरी सापडली त्याचं नाव आणि गावाचं नाव दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

जागा फिरोजपूर जिल्हा. सतलजच्या काठचा हा जिल्हा. त्यातल्या फिरोजपूर आणि झिरा या तहसिलींत मुसलमान बहुसंख्य होते, तरी दोन देशांमधली सीमा ठरवणाऱ्या रॅडक्लिफ निवाड्यात त्या भारताकडे आल्या. निवाडा १७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर जाहीर झाला. आपलं गाव कोणत्या देशात आहे हे लोकांना आधी कळलेलं नव्हतं. जे कळलं ते दंगलीच्या आगीतच कळलं. पश्चिमेकडे काफिले निघाले, पश्चिमेकडून काफिले आले आणि या येण्याजाण्यात कुटुंबं फुटली.

१९५१ साली ही मुलगी सुमारे १२ वर्षांची असल्याची नोंद आहे. म्हणजे दंगलीच्या वेळी ती आठेक वर्षांची होती. न्यायालयाच्या कागदांत तिची दोन नावं आहेत, ‘ऊर्फ’ घालून जोडलेली. एक मुसलमानी, एक शीख. जन्माचं नाव आणि नंतरचं नाव. चार वर्षं ती एका शीख गृहस्थाच्या घरी होती. आठ ते बारा ही वर्षं मुलाच्या भाषेत, सवयींत आणि आठवणींत किती उलथापालथ करतात, हे ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको.

तोवर सरकारी यंत्रणा उभी राहिली होती. ६ डिसेंबर १९४७ ला लाहोरात भारत-पाकिस्तानमध्ये करार झाला, की दोन्ही देशांनी अशा बायका-मुलांना शोधून परत पाठवायचं. १ मार्च १९४७ नंतर झालेली धर्मांतरं आणि लग्नं मानायचीच नाहीत, असं धोरण ठरलं. भारताच्या बाजूने या कामाची धुरा सामाजिक कार्यकर्त्या मृदुला साराभाईंनी उचलली. आकडे प्रचंड होते. सरकारी अंदाजानुसार भारतात सुमारे ५० हजार मुसलमान स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३ हजार हिंदू व शीख स्त्रिया पळवल्या गेल्या होत्या. पुढच्या आठेक वर्षांत दोन्हीकडून मिळून ३० हजारांच्या आसपास परत आणल्या किंवा पाठवल्या गेल्या.

त्यांना घरं परत घेतील का, ही भीती खरी होती. गांधीजी आणि नेहरू दोघांनीही जाहीर आवाहनं केली, की या मुलींचा काहीएक दोष नाही, त्यांना सन्मानाने घरात घ्या. अशी आवाहनं करावी लागावीत यातच त्या वेळच्या कुटुंबांचं चित्र दिसतं. ज्यांना घेणारं कुणीच उरलं नव्हतं, अशा हिंदू-शीख स्त्रियांसाठी जालंधरला गांधी वनिता आश्रम सुरू झाला.

आधी हे काम करारावर चाललं. जानेवारी १९४९ मध्ये वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात अपहृत व्यक्ती (पुनःप्राप्ती व प्रत्यर्पण) कायदा झाला. त्याची व्याख्या नीट वाचली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जी व्यक्ती मुसलमान आहे किंवा १ मार्च १९४७ च्या लगेच आधी होती, त्या तारखेपासून १ जानेवारी १९४९ पूर्वी कुटुंबापासून तुटली आणि आता दुसऱ्या कुणा व्यक्तीबरोबर किंवा कुटुंबात, त्यांच्या ताब्यात राहते, ती ‘अपहृत’. मुलगा असेल तर १६ वर्षांखालचा. स्त्री असेल तर कोणत्याही वयाची. अशा स्त्रीला त्या तारखेनंतर झालेलं मूलही त्यात आलं.

या व्याख्येत पळवून नेल्याचा पुरावा कुठेच लागत नाही. कुटुंबापासून तुटलेली आणि दुसऱ्या घरी सापडलेली, एवढं पुरे. जीव वाचवायला शेजाऱ्याने घरात लपवलेली मुलगी आणि तलवार दाखवून ओढून नेलेली मुलगी कायद्यापुढे एकाच ओळीत बसल्या. आणि १६ वर्षांचा मुलगा आपलं आपण ठरवू शकतो, ३० वर्षांची बाई नाही, हेही त्याच ओळीत लिहिलं गेलं.

अडचण कशी समोर आली

१७ फेब्रुवारी १९५१. एका लष्करी अधिकाऱ्याने पत्र लिहून कळवलं, की अमुक गावात अमुक गृहस्थाच्या घरी तीन अपहृत व्यक्ती आहेत. चार महिन्यांनी, २२ जून १९५१ ला, फिरोजपूरच्या रिकव्हरी पोलिसांनी त्या घरावर छापा घातला आणि या मुलीला ताब्यात घेतलं. वॉरंटची गरज नव्हती. कायद्याने सहायक फौजदाराच्या दर्जाच्या पोलिसालाही तो अधिकार दिला होता. मुलीला आधी फिरोजपूरच्या मुस्लिम संक्रमण छावणीत ठेवलं, मग जालंधरला, परत मिळवलेल्या मुसलमान स्त्रियांच्या छावणीत हलवलं.

यंत्रणेच्या नजरेने पाहिलं तर इथवर सगळं सरळ आहे. मुलगी मुसलमान, तुटलेली, परक्या घरी. व्याख्येत चपखल बसते. पाठवून द्यायची.

मुलीच्या नजरेने पाहिलं तर चार वर्षांत दुसऱ्यांदा काही माणसं घरात घुसली आणि तिला घेऊन गेली. हेतू उलटे होते, हे मोठ्या माणसाला कळतं. बारा वर्षांच्या मुलीला ते कळेल अशा रीतीने कुणी सांगितलं असेल तर त्या सांगण्याला कायद्यात जागा नव्हती. तुला का नेतोय, कुठे ठेवणार, किती दिवस, यातलं काहीही सांगण्याचं बंधन पोलिसांवर नव्हतं.

कोणकोणते मार्ग होते

पोलिसांपुढचे पर्याय पाहण्याआधी संसदेत काय घडलं ते पाहायला हवं, कारण खरा फाटा तिथे होता. घटना समितीच विधिमंडळ म्हणून बसत होती. केंद्रीय मंत्री एन. गोपालस्वामी अय्यंगारांनी विधेयक मांडलं. त्यांचा अनुभव असा होता, की सुरुवातीला यायला नकार देणाऱ्या बायका आईबापांना किंवा नवऱ्याला भेटल्यावर परत जायचं म्हणत नाहीत. पळवणाऱ्याच्या घरात उभं राहून दिलेल्या नकाराला इच्छा कसं म्हणायचं, हा त्यांचा मुद्दा हलका नाही. ज्याने तुमच्या माणसांना मारलं त्याच्या समोर तुम्ही काय बोलणार?

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही तितकंच वजनदार होतं. पंडित ठाकुरदास भार्गवांनी सज्ञान स्त्रीच्या हक्काचा प्रश्न लावून धरला. जो हक्क देशातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला आहे तो नेमका हिलाच का नाही, असा त्यांचा रोख होता. महावीर त्यागींनी विचारलं, की या मुली आधीच हिंसेच्या बळी आहेत, त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांना पुन्हा उपटून छावणीत नेणं ही दुसरी हिंसा नाही का? पूर्णिमा बॅनर्जींनी काळाची आठवण करून दिली : मधे दिवस गेले आहेत, माणसं एकमेकांत गुंतली आहेत, अशांना जबरदस्तीने पाठवू नका. उलट दुर्गाबाईंनी (पुढे चिंतामणराव देशमुखांशी लग्न झाल्यावर त्या आपल्याकडे दुर्गाबाई देशमुख म्हणून माहीत झाल्या) विधेयकाच्या बाजूने ठाम भाषण केलं. म्हणजे स्त्रियांचं एक मत आणि पुरुषांचं दुसरं, अशी ही विभागणी नव्हती. प्रत्यक्ष हे काम करणाऱ्यांतही दुफळी होती. पुनर्वसन मंत्रालयाच्या महिला विभागाच्या सल्लागार रामेश्वरी नेहरूंचा सज्ञान स्त्रियांना बळाने पाठवण्याला विरोध होता आणि त्या या कामातून बाजूला झाल्या.

दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. विधेयक पास झालं. स्वतःचं म्हणणं मांडायला वेगळी जागा असावी, पाठवण्याआधी काही मुदत मिळावी, सज्ञान आणि अज्ञान यांत फरक करावा, यातलं काहीच कायद्यात आलं नाही.

आता आपल्या मुलीकडे. ती अज्ञान होती, त्यामुळे संसदेतल्या वादाचा अर्धा भाग तिला लागूच नव्हता. आठव्या वर्षी आईपासून तुटलेल्या मुलीला आईकडे पोचवावं, हे कुणालाही पटेल. मला स्वतःला या कायद्याची जी थोडी प्रकरणं मनापासून समर्थनीय वाटतात, त्यांत हे बसतं. म्हणूनच ते अभ्यासाला घेतलं आहे. जिथे हेतू बिनचूक आहे तिथेही रीत चुकली तर काय होतं, ते इथे उघड दिसतं.

पोलिसांसमोर जून १९५१ मध्ये तीन वाटा होत्या. पहिली, कायद्याप्रमाणे उचलून छावणीत नेणं. दुसरी, ती कुणाची मुलगी आहे, आई-बाप जिवंत आहेत का, कुठे आहेत, हे आधी शोधणं आणि मग हलवणं. तिसरी वाट या कायद्याबाहेरची होती आणि तिचा विचार झाल्याचं दिसत नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू होताच. त्यात न्यायालय मुलाचं हित काय ते पाहतं आणि मूल समजून निवड करण्याइतकं मोठं असेल तर त्याची पसंतीही विचारात घेऊ शकतं. इंग्रजांनी केलेल्या त्या जुन्या कायद्यात बारा वर्षांच्या मुलीला विचारण्याची सोय होती. स्वतंत्र भारताने खास तिच्यासाठी केलेल्या कायद्यात ती नव्हती. अर्थात जिल्हा न्यायालयाची वाट संथ होती, आणि हजारो माणसं दोन्ही बाजूंना अडकलेली असताना प्रत्येकीसाठी दिवाणी अर्ज चालवणं झेपलं नसतं, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण अज्ञान मुलांपुरती त्या कायद्याची दोन कलमं नव्या कायद्यात उचलून आणता आली असती.

पहिली वाट घेतली गेली. आधी छापा, मग चौकशी.

काय काय झालं

चौकशी फौजदाराकडे सोपवली गेली. त्याने ५ ऑक्टोबर १९५१ ला अहवाल दिला, की १९४७ च्या दंगलीत त्या गृहस्थानेच मुलीला पळवलं होतं. छापा जूनमधला, अहवाल ऑक्टोबरातला. मधले साडेतीन महिने मुलगी छावणीत होती.

५ नोव्हेंबरला त्या गृहस्थाने पंजाब उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला : मुलीला बेकायदा डांबलं आहे, न्यायालयात हजर करून सोडा. न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत तिला जालंधरबाहेर नेऊ नये.

इथे थोडं थांबतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात अवघड पेच हाच आहे. मुलीच्या स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचं दार ठोठावलं ते तिला पळवल्याचा आरोप असलेल्या माणसाने. दुसरं कुणी ठोठावणार नव्हतं. आई सीमेच्या दुसऱ्या बाजूला, मुलीला सरकारने ताब्यात घेतलेलं, आणि तिच्या वतीने उभं राहील असा कुणी नेमण्याची तरतूद नाही. त्यामुळे न्यायालयापुढे दोनच बाजू राहिल्या, सरकार आणि तो गृहस्थ. त्याचं मुलीवर प्रेम होतं असं धरलं, तरी त्याचं हित आणि मुलीचं हित एकच होतं असं म्हणता येत नाही. सरकारचंही तसंच. सरकारला पाकिस्तानशी केलेला करार पाळायचा होता. त्यामागे आणखी एक हिशेब होता : आपण इकडून पाठवलं नाही तर तिकडच्या हिंदू-शीख मुली येणार नाहीत. तो हिशेब निष्ठुर नव्हता, तिकडे अडकलेल्या मुलींच्या आईबापांसाठी तो जीव की प्राण होता. पण तो या मुलीचा हिशेब नव्हता.

अंतरिम आदेशामुळे एक चांगली गोष्ट झाली. घाईने सीमेपार नेणं थांबलं. एकदा वाघा सीमेच्या पलीकडे गेल्यावर भारतीय न्यायालयाचा कोणताही आदेश तिच्यापर्यंत पोचला नसता. त्याच आदेशामुळे छावणीतला मुक्काम लांबला. न्यायमूर्तींपुढे तेव्हा दुसरा सोपा उपाय नव्हता, तरी मुलीला छावणीऐवजी एखाद्या तटस्थ ठिकाणी, शाळा असेल अशा संस्थेत ठेवा, एवढं म्हणायला वाव होता असं मला वाटतं.

नोव्हेंबरातच दोन पोलीस उपअधीक्षकांनी, एक भारताचा आणि एक पाकिस्तानचा, एकत्र बसून चौकशी केली. त्यांनी फौजदाराचा अहवाल पाहिला. मुलीचा जबाब घेतला. चौकशी चालू असताना तिची आई त्यांच्यापुढे आली, तिचाही जबाब झाला. निष्कर्ष असा, की मुलगी मुसलमान आहे, १९४७ च्या दंगलीत पळवली गेली होती आणि तिला पाकिस्तानात नेऊन जवळच्या नातेवाइकांच्या हवाली करावं. उच्च न्यायालयाचा आदेश असल्यामुळे तोवर ती जालंधरलाच राहील. मग दोन पोलीस अधीक्षकांचं न्यायाधिकरण बसलं, त्यातही एक इकडचा आणि एक तिकडचा. त्यांनी तेच कायम केलं.

मुलीला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. जबाब झाला. पण तो कशासाठी झाला ते पाहा. प्रश्न होता ती ‘अपहृत व्यक्ती’च्या व्याख्येत बसते की नाही. तिला काय हवंय हा प्रश्न कायद्यात नव्हताच, म्हणून तिने काहीही सांगितलं असतं तरी उत्तर बदललं नसतं. आईची भेट झाली तीही चौकशीच्या खोलीत, वर्दीतल्या अधिकाऱ्यांपुढे, साक्षीचा भाग म्हणून. चार वर्षांनी आई आणि मुलगी समोरासमोर येतात आणि त्या क्षणाचा उपयोग ओळख पटवण्यापुरता होतो. या सबंध प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतो तो हा दिवस. काही आठवडे त्या दोघींना भेटू दिलं असतं, तर कदाचित पुढच्या कोर्टकचेरीची वेळच आली नसती. मुलीनेच आईचा हात धरला असता.

न्यायालयात

२६ नोव्हेंबर १९५१ ला अशाच आणखी काही अर्जांबरोबर हा अर्ज न्या. भंडारी आणि न्या. खोसला यांच्यापुढे आला. १९४९ साली गांधीहत्या खटल्याचं अपील सिमल्यात ज्या तिघा न्यायमूर्तींनी ऐकलं, त्यांतले हे दोघे. प्रश्न घटनात्मक असल्याने त्यांनी ते पूर्णपीठाकडे, म्हणजे जास्त न्यायमूर्तींच्या पीठाकडे, पाठवले.

पूर्णपीठाने कायद्याविरुद्ध कौल दिला. राज्यघटनेच्या २२ व्या कलमाप्रमाणे अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगावं लागतं, वकील भेटू द्यावा लागतो, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. या कायद्यात यांतलं काहीच नाही. शिवाय ज्या न्यायाधिकरणाने निर्णय दिला ते कायद्यात सांगितल्याप्रमाणे रीतसर नेमलेलं नव्हतं. जून १९५२ मध्ये मुलीच्या सुटकेचा आदेश झाला. छाप्यापासून मोजलं तर छावणीत जवळजवळ एक वर्ष गेलं होतं.

पंजाब सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १० नोव्हेंबर १९५२ चा निकाल न्या. सुधी रंजन दास यांनी लिहिला. त्यांची भूमिका अशी : २२ व्या कलमातली अटक म्हणजे गुन्ह्याच्या किंवा गुन्ह्यासारख्या कृत्याच्या आरोपावरून किंवा संशयावरून केलेली अटक. अपहृत व्यक्तीवर कसलाच आरोप नसतो. तिला सोडवून घेऊन छावणीत सोपवणं ही अटक होत नाही, म्हणून त्या कलमाचं संरक्षण इथे येत नाही. समानतेच्या आणि भेदभावाच्या कलमांवर घेतलेले आक्षेपही टिकले नाहीत. कायदा वैध ठरला.

हा युक्तिवाद तर्काने बांधेसूद आहे. परिणाम मात्र असा झाला, की पाकीट मारल्याच्या संशयावरून धरलेल्या माणसाला जे हक्क होते, ते कसलाही दोष नसलेल्या मुलीला नव्हते. तिच्यावर आरोप नाही, हेच तिच्या संरक्षण नसण्याचं कारण झालं. हेबिअस कॉर्पसच्या आणि अटकेच्या कायद्यात आजही या निकालाचा दाखला दिला जातो, पण सहसा कलम २२ च्या व्याप्तीसाठी. मुलगी त्या दाखल्यात नसते.

मुलीची सुटका सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाआधीच होऊन गेली होती. आणि ‘सुटका’ या शब्दात या प्रकरणाची सगळी उणीव आहे. हेबिअस कॉर्पसमध्ये कोठडी बेकायदा ठरली की माणूस सुटतो. सज्ञान माणसाला एवढं पुरतं, तो आपल्या पायांनी कुठे जायचं तिथे जातो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कुणाच्या तरी घरीच जावं लागतं. आई सीमेपार, इथे ओळखीचं घर एकच, आणि ते त्याच माणसाचं. दोन्ही न्यायालयांनी तपासलं ते कायद्याचं आणि न्यायाधिकरणाचं कायदेशीरपण. तिचं कुठे भलं होईल, हा प्रश्न अर्जाच्या चौकटीतच नव्हता.

निर्णयाचे क्षण आणि वेगळं काय करता आलं असतं

मला यात तीन जागा निर्णायक वाटतात.

पहिली व्याख्येची. सज्ञान स्त्री, अज्ञान मूल आणि नंतर जन्मलेलं बाळ या तिघांसाठी एकच कलम लिहिलं गेलं. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायद्याने जास्तीचा अधिकार घेतला, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत असायला हवी ती जबाबदारी घेतली नाही. या मुलीला हक्क हवा होता तो स्वतः ठरवण्याचा नव्हे. तिला हवा होता तिच्या बाजूने विचार करणारा एक माणूस : वकील, समाजसेविका, कुणीही, ज्याचं काम फक्त तिचं हित पाहणं. छावण्यांमध्ये जीव तोडून काम करणाऱ्या बायका होत्याच. कमलाबेन पटेलांसारख्या कार्यकर्त्या लाहोर-अमृतसरच्या फेऱ्यांत हीच माणुसकी जपत होत्या. कायद्याने त्यांना छावणी सांभाळायला दिली आणि निर्णय पोलीस अधीक्षकांकडे दिला. एका सामाजिक कार्यकर्तीची जागा न्यायाधिकरणात ठेवणं १९४९ सालीही अशक्य नव्हतं.

दुसरी जागा क्रमाची. फेब्रुवारीत पत्र आलं, जूनमध्ये छापा पडला. त्या चार महिन्यांत आईचा शोध लागला असता तर मुलीला नेतानाच सांगता आलं असतं, की तुझी आई अमुक ठिकाणी वाट पाहते आहे. आई सापडली, पण मुलगी छावणीत असताना. मुलाला अनोळखी लोकांच्या हवाली करून मग घर शोधायचं, ही उलटी पद्धत होती. घाईला कारणं होती : सुगावा लागला की पळवणारे मुलींना दुसऱ्या गावी हलवत. हा धोका खरा होता, पण चार महिने थांबलेल्या छाप्याला तो पुरेसं कारण देत नाही.

तिसरी जागा भेटीची. इथे मला आशेला वाव दिसतो, कारण सरकारलाही शेवटी तेच सुचलं. १९५४ मध्ये ठरलं, की कुणालाही मर्जीविरुद्ध दुसऱ्या देशात पाठवायचं नाही. यायला तयार नसलेल्यांसाठी वेगळी गृहं काढायची, तिथे नातेवाइकांना भेटू द्यायचं, आणि भीती किंवा दबाव नसताना त्यांना ठरवू द्यायचं. महावीर त्यागी, पूर्णिमा बॅनर्जी आणि रामेश्वरी नेहरू १९४९ मध्ये ज्यासाठी भांडले त्याचा मोठा भाग यात आला. तोवर बहुतेकींच्या बाबतीत निर्णय होऊन गेले होते. १९५७ मध्ये कायदा संपुष्टात आला.

आज आपल्याकडे घरातून हरवलेलं, पळवलेलं किंवा परराज्यातून आणलेलं मूल बालकल्याण समितीपुढे येतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात समितीने सामाजिक तपासणी अहवाल पाहायचा असतो आणि मूल पुरेसं समजतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यायची असते. समितीवर काम करणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं असं मला वाटतं, आणि वाचताना एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावं : मुलीचा जबाब कधी घेतला, कुणासमोर घेतला आणि कोणत्या प्रश्नासाठी घेतला. ‘मुलाला विचारलं’ अशी नोंद फाइलवर असणं आणि त्याच्या उत्तराने निर्णय बदलण्याची शक्यता असणं, यांत १९५१ च्या नोव्हेंबरात जे अंतर होतं ते आजच्या कित्येक फाइलींतही सापडतं. ते कमी करायला नवा कायदा लागत नाही. पहिली भेट वर्दीशिवाय, ओळखीच्या भाषेत आणि एकापेक्षा जास्त वेळा झाली पाहिजे, आणि तिचा वृत्तांत निर्णय देणाऱ्यांनी आदेश लिहिण्याआधी वाचला पाहिजे.